आवाज येतो, मग स्क्रीन काळी का?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उत्तरेकडचं शेवटचं गाव म्हणजे झाई. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातलं, मच्छीमार आणि आदिवासी वस्तीचं. दक्षिणेला डहाणू तालुक्यातली बोर्डी, आणि उत्तरेकडे हद्द ओलांडली की गुजरातचा उंबरगाव तालुका. राज्याची हद्द माणसाला पाटी वाचून कळते. खिशातल्या फोनला पाटी दिसत नाही. ज्या टॉवरचा सिग्नल बरा लागेल, त्याच्याशी तो जोडला जातो. म्हणून सीमेलगतच्या गावांत घरात बसल्या बसल्या शेजारच्या राज्यात स्वागत असल्याचा मेसेज येऊन पडतो.

समजा, झाईतली एक मुलगी कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरते आहे. जातीचा दाखला कुठे जोडायचा, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक कोणत्या चौकटीत टाकायचा, हे तिला नीट उमगत नाही. वसईत नोकरीला असलेला चुलतभाऊ मदतीला तयार आहे. त्याच्या मित्रांचा ग्रुप डिस्कॉर्डवर आहे, म्हणून दोघं तिथेच बोलायला येतात. लॅपटॉप घरातला, नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून घेतलेलं. ती स्क्रीन शेअर करते.

"दादा, दिसतंय का?"

"आवाज येतोय गं, पण स्क्रीन काळीच आहे."

हा संवाद आता घरोघरी होतो. अर्ज भरताना, अभ्यास करताना, गेम खेळताना, आजोबांना मोबाइल शिकवताना. त्यावर बहुतेकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नेट खराब आहे. दुसरं उत्तर: अ‍ॅप काढून पुन्हा टाक. पहिलं उत्तर अनेकदा चुकीचं असतं. दुसऱ्याने जेमतेम कोटा उरलेल्या माणसाचा डेटा आणखी खर्च होतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. काळी स्क्रीन, गोठलेली स्क्रीन, धूसर स्क्रीन आणि मुकी स्क्रीन ही चार वेगळी लक्षणं आहेत. त्यांची कारणं एकाच ठिकाणी नसतात. ते ठिकाण आधी शोधलं तर निम्मं काम झालं.

1. एकाच कॉलमधली दोन कामं

स्क्रीन दुसऱ्याला दाखवण्याची कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने जमलेल्या श्रोत्यांसमोर संगणकाचं एक प्रात्यक्षिक केलं. मूळ संगणक तिथून सुमारे 50 किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. तिथला सहकारी आणि एंगलबार्ट एकच मजकूर पाहत, एकमेकांशी बोलत काम करत होते. माउसही जगाने तेव्हाच पहिल्यांदा जाहीरपणे पाहिला. या प्रात्यक्षिकासाठी दोन ठिकाणांमध्ये मायक्रोवेव्हची खास जोडणी उभारावी लागली होती. तेच काम आज खिशातला फोन करतो, पण ते सोपं झालेलं नाही. फक्त आतलं गुंतागुंतीचं काम आपल्याला दिसेनासं झालं आहे.

डिस्कॉर्ड 2015 साली आलं ते गेम खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. आवाज हे त्याचं मूळ काम. चॅनेलमध्ये बसल्या बसल्या आपली स्क्रीन मित्रांना दाखवण्याची सोय 2019 मध्ये आली, आणि तेव्हा एका वेळी दहाच जण ती पाहू शकत. मार्च 2020 मध्ये शाळा-कॉलेजं बंद पडली, तेव्हा ही मर्यादा पन्नासवर नेली गेली. फोनवरून स्क्रीन शेअर करणं त्याच वर्षाच्या अखेरीस जमू लागलं. गुगल मीट, झूम, व्हॉट्सअ‍ॅप यांची बटणं वेगळ्या जागी असली, तरी आतलं काम जवळपास सारखंच चालतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ही सोय 2023 मध्ये आली.

आवाज आणि स्क्रीन एकाच कॉलमध्ये असले, तरी त्यांचा उगम वेगळा असतो. आवाज माइकमधून येतो. अ‍ॅप त्याचे एका सेकंदाचे साधारण पन्नास तुकडे करून पाठवतं, आणि एखादा तुकडा हरवला तर कानाला फारसं कळतही नाही. डिस्कॉर्डच्या साध्या चॅनेलमध्ये आवाजाला सेकंदाला 64 हजार बिट लागतात. बिट म्हणजे माहितीचं सर्वांत छोटं माप, एक किंवा शून्य.

आता स्क्रीनचा हिशोब मांडू. मोफत डिस्कॉर्डवर चित्र जास्तीत जास्त 720पी दर्जाचं जातं, म्हणजे आडवे 1280 आणि उभे 720 ठिपके. गुणाकार केला तर 9,21,600 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 24 बिट लागतात, म्हणजे एका चित्राला सुमारे 2 कोटी 21 लाख बिट. अशी सेकंदाला तीस चित्रं पाठवायची, तर सुमारे 66 कोटी बिट होतात. इतका भार बहुतेक घरगुती नेटला पेलणारा नाही. म्हणून अ‍ॅप चित्र दाबून लहान करतं. एकदा पूर्ण चित्र पाठवतं, आणि त्यानंतर जेवढं बदललं तेवढंच. अशा रीतीने 66 कोटींचं ओझं 20 लाखांच्या आसपास आणता येतं.

तरीही 20 लाख म्हणजे 64 हजारांच्या तीस पटींहून जास्त. आवाज पोचला म्हणून स्क्रीनही पोचेल, ही अपेक्षा इथेच चुकते.

मात्र आवाज पोचतोय यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. डिस्कॉर्डचा आवाज आणि चित्र दोन्ही त्याच्याच सर्व्हरमार्फत, जवळपास एकाच प्रकारच्या वाटेने जातात. कॉलेजच्या वायफायने किंवा एखाद्या व्हीपीएनने ती वाट अडवली असेल, तर आवाजही येत नाही आणि 'कनेक्ट होत आहे' यावरच सगळं अडतं. आवाज स्वच्छ येत असेल, तर वाट उघडी आहे. मग दोष शोधायचा तो स्क्रीन उचलणाऱ्या बाजूला, पाठवण्याच्या क्षमतेत, किंवा पाहणाऱ्याच्या यंत्रात.

2. काळी स्क्रीन: चित्र उचललंच गेलं नाही

आवाज येतो आणि चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन दिसतो, तेव्हा नेटला दोष देण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. शेअर करणाऱ्याला स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आपल्याच स्क्रीनची छोटी झलक दिसते. तीही काळी असेल, तर चित्र घराबाहेर पडण्याआधीच हरवलं आहे. टॉवर, रेंज, कोटा यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या खिडकीत काय चाललंय ते पाहण्याचा हक्क कोणत्याही अ‍ॅपला आपोआप मिळत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीम देते, आणि अलीकडच्या काळात ती फार जपून देते. अ‍ॅपलने ऑक्टोबर 2019 मध्ये आणलेल्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर गमतीशीर लक्षण दिसतं. समोरच्याला डेस्कटॉपचा वॉलपेपर आणि वरची मेनूपट्टी व्यवस्थित दिसते, पण उघडलेली एकही खिडकी दिसत नाही. शेअर करणारा अर्जावर बोट ठेवून बोलत असतो आणि पाहणाऱ्याला डोंगराचं चित्र दिसत असतं. सिस्टीम सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या विभागात जाऊन त्या अ‍ॅपपुढचं बटण चालू करायचं आणि, हे बरेच जण विसरतात, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. नुसती खिडकी बंद केली तर परवानगी लागू होत नाही.

विंडोजवर कारणं जास्त आहेत. सर्वांत साधं कारण, शेअर केलेली खिडकी मिनिमाइझ केलेली असते. खिडकी खाली गेली की संगणक तिचं चित्र रंगवणं थांबवतो, मग उचलायला काही उरत नाही. दुसरं कारण गेम खेळणाऱ्यांच्या ओळखीचं. गेम पूर्ण पडदा ताब्यात घेऊन चालत असेल, तर काही वेळा चित्र उचलता येत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बिनचौकटीच्या खिडकीत चालवला की दिसू लागतो. तिसरं, एखादा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडला असेल आणि डिस्कॉर्ड साध्या अधिकाराने, तर खालच्या पायरीवरचा प्रोग्राम वरच्याच्या आत डोकावू शकत नाही. तेव्हा दोन्ही एकाच पायरीवर आणावे लागतात.

चौथं कारण लॅपटॉपच्या पोटात दडलेलं असतं. अनेक लॅपटॉपमध्ये चित्र रंगवणाऱ्या दोन चिप असतात. एक बॅटरी वाचवणारी, दुसरी ताकदीची. ब्राउझर एकीवर चालत असेल आणि चित्र उचलणारं अ‍ॅप दुसरीवर, तर हाती काळोख लागतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये दोन्हींना एकच चिप नेमून दिली की प्रश्न सुटतो. हे करायला पाच मिनिटं लागतात, पण काय शोधायचं ते ठाऊक नसेल तर सबंध संध्याकाळ जाते.

झाईच्या मुलीने मात्र आधी सोपी चाचणी करावी: खिडकीऐवजी पूर्ण स्क्रीन शेअर करून पाहावी. पूर्ण स्क्रीन दिसली, तर दोष त्या एका खिडकीच्या उचलण्यात आहे हे नक्की झालं. त्या दिवशी पूर्ण स्क्रीनवर काम भागवावं, आणि सवडीने ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा उघडावा. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे चित्र रंगवण्याचं काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर सोपवणं. एरवी ती उपयोगाची सोय आहे. पण जुना ड्रायव्हर असलेल्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं.

फोनवर वेगळी तऱ्हा. अँड्रॉइडने स्क्रीन उचलण्याची अधिकृत सोय 2014 च्या 5.0 आवृत्तीत दिली. दर वेळी शेअर करताना फोन परवानगी विचारतो. नव्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण स्क्रीन दाखवायची की एकच अ‍ॅप, असाही प्रश्न येतो. घाईत 'एकच अ‍ॅप' निवडलं गेलं की दुसरं अ‍ॅप उघडताच समोरच्याला काही दिसत नाही. आणखी एक तक्रार स्वस्त फोनवर नेहमी ऐकू येते: शेअर सुरू होतं, ब्राउझर उघडला की बंद पडतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच मागचं अ‍ॅप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली की ते टिकतं.

एक काळोख असा आहे की तो दुरुस्त करण्याच्या फंदात पडूच नये. बँकेचं अ‍ॅप, यूपीआयचं पिन टाकण्याचं पान, आणि चित्रपट दाखवणाऱ्या सेवा शेअर करताना काळ्या दिसतात. तिथे काही बिघडलेलं नाही. त्या अ‍ॅपने सिस्टीमला स्पष्ट सांगितलेलं असतं की माझं चित्र कोणाला उचलू देऊ नकोस. चित्रपटांच्या बाबतीत हक्कांचं रक्षण हे कारण, बँकेच्या बाबतीत आपल्या पैशांचं.

3. मुकी स्क्रीन

चित्र दिसतं, माणसाचा आवाज येतो, पण शेअर केलेल्या व्हिडिओचा आवाज येत नाही. इथे आणखी एक आवाज आहे हे लक्षात घ्यावं. माइकचा आवाज वेगळा आणि संगणकाच्या आत वाजणारा आवाज वेगळा. हा आतला आवाज पाठवायचा की नाही, याची छोटी खूण शेअर करण्याच्या चौकटीतच असते, आणि ती सहज नजरेतून सुटते. क्रोममधून शेअर करताना एक टॅब निवडला तर टॅबचा आवाज जातो. एखादी खिडकी निवडली तर बहुधा जात नाही. अँड्रॉइडवर आतला आवाज उचलण्याची सोय 10 व्या आवृत्तीपासून आहे, पण एखाद्या अ‍ॅपने नकार दिला असेल तर त्याचा आवाज मिळत नाही. यापलीकडे इथे फार शोधण्यासारखं नाही.

4. गोठलेली आणि धूसर स्क्रीन: पाठवण्याची क्षमता

आता नेटकडे वळू. स्वतःची झलक स्वच्छ दिसते, पण समोरच्याला चित्र अडकत अडकत, चौकटी चौकटींनी फुटलेलं दिसतं. हे खरोखर नेटचं लक्षण.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे चटकन समजेल. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ झालं की लहान होडी तळ न घासता निघून जाते, मोठी बोट मात्र भरतीची वाट पाहत अडकून राहते. आवाज ही लहान होडी, स्क्रीन ही मोठी बोट. बोट नादुरुस्त झालेली नसते, पाणी कमी पडलेलं असतं.

हे पाणी कमी का पडतं? नेटचा वेग मोजताना बहुतेक जण डाउनलोडचा आकडा पाहतात. व्हिडिओ पाहायला तोच लागतो. पण स्क्रीन दाखवणाऱ्याला लागतो अपलोडचा वेग, आणि तो बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. लोक यूट्यूबवर हाय डेफिनिशन पाहतात आणि विचारतात, माझं नेट इतकं छान असताना माझी स्क्रीन का अडकते? कारण त्यांनी उलट दिशेचा वेग तपासलेलाच नसतो.

त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. मोबाइल टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने सिग्नल फेकतो. 4जी फोन जास्तीत जास्त सुमारे 0.2 वॅटने उत्तर देतो. टॉवरचं बोलणं फोनपर्यंत सहज पोचतं, फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचताना दमतं. फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्या म्हणजे फोनला टॉवर किती ऐकू येतो त्याचं माप. टॉवरला फोन किती ऐकू येतो, ते त्या काड्या सांगत नाहीत. टॉवरपासून लांब, मध्ये झाडं किंवा जाड भिंत असेल, तर डाउनलोड चालू राहतो आणि अपलोड आधी ढासळतो.

2020 मध्ये कोकणातल्या कणकवली तालुक्यात पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन तास करत होती, ही बातमी तेव्हा महाराष्ट्रभर गाजली. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं ते योग्यच होतं. पण त्या झोपडीच्या जागेत तंत्राची समजही होती. उंचावर टॉवर आणि फोन यांच्यात अडथळे कमी होतात. तोच नियम छोट्या प्रमाणात घरातही लागू पडतो. हॉटस्पॉट देणारा फोन टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवायची गरज नाही. तो खिडकीत, शक्यतो टॉवरच्या दिशेला ठेवावा आणि लॅपटॉप आत राहू द्यावा. एका खोलीच्या अंतराने हॉटस्पॉटचं फारसं बिघडत नाही, पण टॉवरशी चाललेलं बोलणं सुधारतं.

सीमेवरच्या गावात आणखी एक अडचण येऊ शकते. दोन टॉवरांचे सिग्नल जवळपास सारखेच असले, तर फोन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. प्रत्येक उडीत क्षणभर काही तुकडे हरवतात. आवाजात ते 'क्ट' असं ऐकू येतं आणि संपतं. स्क्रीनचं तसं नसतं. तिथे अ‍ॅप फक्त बदललेला भाग पाठवत असतं. मधला एक बदल हरवला, की पुढचे सगळे बदल चुकीच्या चित्रावर रचले जातात, आणि नवं पूर्ण चित्र येईपर्यंत फुटक्या चौकटी तशाच राहतात. अशा वेळी फोन एका जागी ठेवणं आणि कॉल चालू असताना घरभर न फिरणं, एवढ्यानेही फरक पडतो. दोन कंपन्यांची सिम असतील तर डेटा दुसरीवर नेऊन पाहावा.

मग येतो कोट्याचा हिशोब. सेकंदाला 20 लाख बिट म्हणजे तासाला सुमारे 900 एमबी. रोज दीड जीबी देणाऱ्या प्लॅनवर एक तास चाळीस मिनिटं स्क्रीन दाखवली की कोटा संपला. त्यानंतर अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला तेच 64 हजार बिट. पहिल्या भागातला आवाजाचा आकडाही हाच होता. त्यामुळे कोटा संपल्यावर आवाज तुटत तुटत का होईना पोचतो, आणि स्क्रीन मात्र जागच्या जागी गोठते. अगदी ठरावीक वेळेनंतर, चांगलं चाललेलं असताना, असं अचानक झालं तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा पाहावा. दुसरं काही तपासायची गरज नाही.

पाणी वाढवता येत नसेल तर बोट हलकी करावी. शेअरच्या सेटिंगमध्ये दर्जा 480पी करावा, सेकंदाला 30 ऐवजी 15 चित्रं ठेवावीत. अर्जासारखं काम असेल तर डिस्कॉर्डमध्ये मजकूर वाचता यावा यावर भर देणारा पर्याय निवडावा. तिथे हालचाल कमी सफाईची होते, अक्षरं मात्र ठळक राहतात. अर्जाचं पान स्थिर असतं, म्हणून एकदा पोचलं की स्वच्छ दिसतं. पान भराभर वर-खाली सरकवलं की सगळेच ठिपके बदलतात आणि अक्षरं पुन्हा धूसर होतात. तेव्हा "हळू सरकव गं" ही दादाची सूचना अगदी शास्त्रशुद्ध आहे. पान सरकवावं, दोन सेकंद थांबावं, मग विचारावं.

लॅपटॉपवरचे बाकीचे टॅब, फोटोंचं आपोआप होणारं बॅकअप आणि विंडोजचं अपडेट हेही त्याच अरुंद वाटेने चाललेले असतात. कॉलपुरतं त्यांना थांबवावं. हॉटस्पॉट असेल तर विंडोजला हे कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, आहे असं सांगता येतं. मग मोठे अपडेट ते आपणहून लांबवतं.

5. दोष पाहणाऱ्याकडे असतो तेव्हा

सगळी चौकशी शेअर करणाऱ्याचीच होते, हे न्यायाला धरून नाही. दाबलेलं चित्र पाहणाऱ्याच्या यंत्राला उलगडावं लागतं. जुना फोन, तापलेला लॅपटॉप किंवा जुना ग्राफिक्स ड्रायव्हर तिथे हात टेकतो. मग चित्राच्या जागी चक्र फिरत राहतं.

याची तपासणी सोपी आहे. कॉलमध्ये तिसऱ्या कोणाला तरी बोलवावं. घरातलाच दुसरा फोन चालेल, फक्त माइक बंद ठेवावा म्हणजे आवाज घुमणार नाही. तिसऱ्याला दिसतंय आणि दादाला दिसत नाही, तर गोष्ट वसईत अडली आहे. त्याने शेअर पाहणं बंद करून पुन्हा सुरू करावं, नाहीतर ब्राउझरमधून डिस्कॉर्ड उघडून पाहावं. ब्राउझरमध्ये दिसलं तर त्याच्या अ‍ॅपमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून तपासावं. कोणालाच दिसत नसेल, तर पुन्हा झाईकडे यावं.

आणि आवाज, चित्र दोन्ही सगळ्यांकडेच उशिरा पोचत असतील, तर चॅनेलचा प्रदेश पाहावा. डिस्कॉर्डचं चॅनेल जगातल्या कोणत्या भागातल्या सर्व्हरवरून चालावं हे चॅनेल सांभाळणाऱ्याला ठरवता येतं. कोणी युरोपातला सर्व्हर निवडून ठेवला असेल, तर झाईहून वसईला जाणारं चित्र अर्ध्या जगाला वळसा घालून येतं. यादीत भारतही आहे.

6. एका संध्याकाळची तपासणी

आता सुरुवातीचा प्रसंग क्रमाने सोडवून पाहू. दादाने काळी स्क्रीन म्हटल्यावर मुलीने आपली झलक पाहिली. तीही काळी. म्हणजे नेट सोडून द्यायचं. तिने खिडकीऐवजी पूर्ण स्क्रीन शेअर केली. दादाला अर्ज दिसला, पण अक्षरं लागेनात. झलकेत अक्षरं स्वच्छ, म्हणजे आता अडचण पाठवण्यात. तिने हॉटस्पॉटचा फोन खिडकीत नेऊन ठेवला, दर्जा कमी केला, वाचनीयतेचा पर्याय घेतला. अक्षरं लागली. दाखला जोडताना चौकट उघडली आणि दादा म्हणाला, "फाइलची साइज बघ, मोठी असली तर घेणार नाही."

एकाच कॉलमध्ये दोन वेगळे दोष होते, आणि एक सुटल्यावरच दुसरा दिसला. असं फार वेळा होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलून समोरच्याला विचारावं. चार सेटिंग एकदम फिरवली, तर अडचण नेमकी कशाने सुटली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

7. दाखवू नये ते

अर्ज भरताना स्क्रीनवर आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहतं. दादा घरचा आहे. पण डिस्कॉर्डच्या चॅनेलमध्ये त्याचे मित्रही बसलेले असू शकतात. अशा कामासाठी सगळ्यांच्या चॅनेलऐवजी दोघांचाच थेट कॉल करावा, आणि ओटीपीची वेळ आली की शेअर थांबवून तो टाकावा. फोनवरून शेअर करणाऱ्याने नोटिफिकेशन बंद ठेवावीत. 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 15 पासून शेअर चालू असताना ओटीपीसारखे संवेदनशील मेसेज फोन स्वतःहून झाकतो. जुन्या फोनवर ते उघड दिसतात.

अनोळखी माणसाने फोन करून "तुमचं केवायसी अडकलंय, मी मदत करतो, स्क्रीन शेअर करा" म्हटलं, तर ते मदतीसाठी नसतं. स्क्रीन पाहणाऱ्याला ओटीपी विचारावाही लागत नाही, तो वाचूनच घेतो. दुरून दुसऱ्याचा फोन हाताळू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या अ‍ॅपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. तेव्हा निदान वेगळं अ‍ॅप टाकायला लावावं लागत असे. आता रोजच्या कॉलच्या अ‍ॅपमध्येच ते बटण आहे.

चुकून असं घडलंच तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करावं, म्हणजे शेअर तिथल्या तिथे तुटतं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला सांगावं आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही तक्रार जितकी लवकर होते, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. फोन लावण्यापूर्वी व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक कागदावर लिहून हाताशी ठेवावा, कारण तिकडून पहिले प्रश्न तेच विचारले जातात.